तांब्याच्या सेंटाची पारख

२०२५ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहराच्या सरकारी टांकसाळींत चलनासाठीं पाडलेले शेवटचे सेंट बाहेर पडले. एक सेंट पाडावयास तीन सेंटांहून अधिक खर्च येऊं लागला होता. असा आंतबट्ट्याचा व्यवहार कोणत्या सरकारनें किती दिवस चालवावा? शिवाय हा अखेरचा सेंट नांवाचाच तांब्याचा राहिला होता. १९८२ सालापासून त्याचें पोट जस्ताचें असे व वर तांब्याचा केवळ मुलामा असे. आज मी आपणांस सांगणार आहें तें या सेंटाच्या पूर्वजाविषयीं. तो याच शहरांत १७९३ सालीं जन्मला, निव्वळ तांब्याचा होता, आपल्याकडील जुन्या ढब्बू पैशासारखा जाड व ऐसपैस होता, आणि आज त्याच्या एकेका नगासाठीं जाणते लोक भिंग घेऊन तासन्‌तास बसतात. तीं माणसें त्या झिजलेल्या तांब्यांत नेमकें काय पाहतात, आणि एका नाण्यास दुसऱ्याहून श्रेष्ठ कशावरून ठरवितात, हा आजचा विषय.

अमेरिकेच्या काँग्रेसनें १७९२ सालच्या एप्रिल महिन्यांत टांकसाळीचा कायदा केला. त्यांत सेंटाचें वजन २६४ ग्रेन ठरविलें होतें. पण तांबें महाग झालें, म्हणून पहिलें नाणें पडण्यापूर्वींच तें २०८ ग्रेनांवर आणावें लागलें, आणि पुढें तीन वर्षांच्या आंतच १६८ ग्रेनांवर. हें शेवटचें वजन म्हणजे आपल्या तोळ्याहून किंचित् कमी. अर्ध्या सेंटाचेंही वेगळें नाणें होतें व तें बरोबर निम्म्या वजनाचें असे.

१७९३ सालच्या मार्चमध्यें जो पहिला सेंट लोकांच्या हातीं पडला, त्याच्या एका बाजूस मोकळ्या केसांची स्वातंत्र्यदेवता होती व दुसऱ्या बाजूस पंधरा कड्यांची वर्तुळाकार साखळी. त्या वेळीं अमेरिकेंत पंधरा संस्थानें होतीं. त्यांची एकजूट दाखवावी हा हेतु. पण नुकत्याच परसत्तेच्या बेड्या तोडलेल्या लोकांना नाण्यावर साखळी पाहून कसें वाटलें असेल? वर्तमानपत्रांत टीका झाली कीं स्वातंत्र्याशेजारीं शृंखला हें अशुभ चिन्ह होय, आणि ती देवता तरी भेदरलेलीच दिसते. टीकेचा परिणाम तत्काळ झाला. सुमारे ३६ हजार नाण्यांनंतर साखळी गेली व तिच्या जागीं पानांची माळ आली. त्याच वर्षीं पुढें देवतेच्या खांद्यावरील काठीस मुक्त गुलामाची टोपी अडकविलेलें तिसरें चित्र आलें. तें काढणारा जोसेफ राइट हा कलावंत त्याच वर्षीं फिलाडेल्फियांत पीतज्वराची जी भयंकर सांथ आली तींत मरण पावला.

त्या टांकसाळीचें काम आजच्या कारखान्यासारखें नव्हतें. तांब्याचे पत्रे लाटण्याचें यंत्र घोडे फिरवीत व नाणें छापण्याचें मळसूत्री दाबयंत्र माणसें हातानें ओढीत. तांबें मिळेल तेथून घ्यावें लागे. न्यू यॉर्क येथें टॅलबट, अॅलम व ली या नांवाची व्यापारी पेढी होती. तिचा व्यापार हिंदुस्थानाशीं चाले. या पेढीनें आपल्या नांवाचे तांब्याचे टोकन काढले होते व त्यांवर जहाजाचें चित्र होतें. टांकसाळीनें त्या टोकनांचा मोठा साठा विकत घेतला आणि त्यांतून लहान चकत्या कापून त्यांवर अर्ध्या सेंटाचा छाप मारला. कांहीं नाण्यांवर देवतेच्या मुखाखालून त्या जुन्या छापाच्या पुसट रेषा आजही डोकावतात. पुढें इंग्लंडांतील बर्मिंगहॅम येथून मॅथ्यू बोल्टन यांच्या सोहो कारखान्यांतील तयार चकत्या येऊं लागल्या. याच कारखान्यानें आपल्या मुंबई इलाख्यासाठीं १७९१ सालचे कंपनी सरकारचे तराजू-छापाचे पैसे पाडले होते. तेव्हां फिलाडेल्फियाचा सेंट आणि मुंबईचा पैसा यांचें मामेभावाचें तरी नातें आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां मुख्य गोष्ट ठशाची. नाण्याच्या दोन बाजूंचे दोन पोलादी ठसे हातानें तयार करीत. अक्षरें व आंकडे एकेक खिळा ठोकून उमटवीत. पोलाद कच्चें, त्यामुळें ठसा लौकर तडके. कीं लगेच दुसरा करावयाचा. आणि हातानें केलेला दुसरा ठसा पहिल्यासारखा हुबेहूब कसा व्हावा? एखाद्याच्या आंकड्यांत अंतर अधिक, एखाद्याच्या केसांची बट लांब, एखाद्याची हनुवटी दुहेरी. एकट्या १७९४ सालच्या सेंटाचे असे पन्नासांहून अधिक प्रकार आहेत. १७९६ च्या एका ठशावर कारागिरानें 'लिबर्टी' शब्दांतील 'बी' हें अक्षर उलटें ठोकलें व मग त्यावरच सुलटें ठोकून चूक झांकली; आज तो शब्द 'लिहर्टी' असा वाचला जातो. १८०१ च्या एका ठशाची तर कमालच आहे. त्यावर शतांश दाखविण्याच्या अपूर्णांकांत छेदाच्या जागीं शंभराऐवजीं तीन शून्यें, 'युनायटेड'च्या पहिल्या अक्षराच्या जागीं दोन उभ्या काठ्या, आणि माळेचा एक देंठ गायब, अशा तीन चुका एकाच पाठीवर आहेत. १७९४ च्या एका ठशाच्या पाठीवर कडेनें ९४ बारीक तारका कोरलेल्या आहेत; त्या कोणीं व कां कोरल्या हें आजवर कोणास उलगडलेलें नाहीं.

फिलाडेल्फियाचे एक वैद्य, डॉक्टर एडवर्ड मॅरिस, यांनीं १८६९ सालीं १७९४ च्या सेंटांचें पहिलें वर्गीकरण छापलें. त्यांनीं प्रकारांना क्रमांकांबरोबर नांवेंही दिलीं: दुहेरी हनुवटी, नखरेल, पडलेला चार, व्रण असलेलें मस्तक. वैद्यानें रोगी ओळखावे तसे त्यांनीं सेंट ओळखले. हीं नांवें संग्राहकांच्या तोंडीं अद्यापि आहेत.

संग्रहाचा नाद मात्र याच्याही आधींचा आहे. फिलाडेल्फियांतच जोसेफ मिकली नांवाचे वाद्यें दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते. त्यांचा जन्म १७९९ सालचा. आपल्या जन्मवर्षाचा एक सेंट आपल्यापाशीं असावा, एवढ्याच हौसेनें ते तरुणपणीं शोधास लागले, आणि तोच सेंट सर्वांत दुर्मिळ निघाला. शोधतां शोधतां हाताशीं इतर वर्षांचीं नाणीं जमलीं, आणि हे गृहस्थ अमेरिकेंतील आद्य नामांकित संग्राहक ठरले. त्यांच्या संग्रहावर १८६७ सालीं चोरांनीं हात मारला, हेंही येथें सांगून ठेवितों. संग्रह आणि चोरी यांची सोबत जुनी आहे.

१८५७ सालीं सरकारनें मोठा सेंट व अर्धा सेंट हीं दोन्ही नाणीं बंद करून लहान आकाराचा सेंट आणला. वस्तु जाऊं लागली कीं तिची किंमत कळते. आजोबांच्या बटव्यांतील, दुकानदारांच्या गल्ल्यांतील सेंट लोक पारखूं लागले. १७९३ पासून प्रत्येक वर्षाचा एक, अशी माळ पुरी करण्याची चढाओढ लागली. त्या माळेंत १८१५ चा मणि नाहींच. इंग्लंडशीं युद्ध जुंपल्यामुळें चकत्या येणें थांबलें होतें. १७९९ व १८०४ हे मणि दुर्मिळ. मागणी वाढतांच लबाडीही आली. १७९८ च्या सेंटांतील शेवटचा आंकडा खरडून त्याचा नऊ करणें हा सोपा मार्ग. टांकसाळीनें भंगारांत टाकलेले गंजके ठसे कोणी मिळविले व १८६० च्या सुमारास त्यांवर १८०४ चे नवे सेंट छापून विकले. पण ज्यानें ठशांचा अभ्यास केला आहे तो फसत नाहीं. १७९९ चे खरे सेंट ठशांच्या दोनच जोड्यांवरून पडले, १८०४ चे एकाच जोडीवरून. आंकड्यांचीं अंतरें व केसांच्या टोंकांचीं स्थानें त्या जोडीशीं जुळलीं नाहींत कीं मामला संपला.

येथवर झाली जातीची ओळख. आतां प्रतीची.

तांबें हा धातु मोठा हळवा. सोनें शंभर वर्षें जमिनींत राहिलें तरी तसेंच निघतें. तांबें हवा, घाम, ओल या सर्वांची नोंद आपल्या अंगावर करून ठेवितें. टांकसाळींतून निघालेला सेंट तेजस्वी तांबूस असतो. कांहीं वर्षांत ती लाली मंद होऊन त्यावर तपकिरी रंगाचा पातळ, घट्ट थर येतो, आणि हा थरच त्याचें चिलखत होतो. भिकबाळीच्या मोत्याचें पाणी पाहावें तसें जाणकार या तपकिरी रंगाचें पाणी पाहतात. गुळगुळीत, एकसारखा, जुन्या शिसवी लांकडासारखा रंग उत्तम. हिरवा गंज चढलेला, खड्डे पडलेला, काळा पडून खरखरीत झालेला रंग हीन.

येथें आमच्या भगिनीवर्गास एक विनंति आहे. देवघरांतील तांब्याची पळीपंचपात्री चिंचेनें घासून लखलखीत करणें हा आपला नित्याचा व अत्यंत योग्य परिपाठ आहे. पण घरांत एखादी जुनी शिवराई किंवा परदेशी पैसा असेल तर कृपा करून त्यास चिंच लावूं नये. चिंचेंतील आम्ल तो जपणारा थर खाऊन टाकतें. खालून निघतें तें फिकट गुलाबी, उघडें पडलेलें तांबें. टांकसाळीची मूळ लाली तीच असें नवख्यास वाटतें, पण तीस वर्षें तांबें पाहिलेल्या माणसास तो फरक दुरूनच दिसतो. मग तीच वस्तु, जिच्यासाठीं कालपर्यंत गिऱ्हाईक तिष्ठत होतें, निम्म्या दरांतही कोणी घेत नाहीं. अमेरिकेंतील संग्राहक आपल्या सेंटावरून फार तर उंटाच्या केसांचा मऊ कुंचला फिरवितात.

झीज ओळखण्याची रीति अशी. नाण्यावर जो भाग सर्वांत उंच तो हातांत फिरून प्रथम झिजतो. सेंटावर तो कपाळावरील व कानाभोंवतालचा केशकलाप, आणि पाठीवर माळेच्या पानांच्या शिरा. प्रत्येक केस सुटा दिसतो काय, कीं बटांचे पुंजके तेवढे दिसतात, कीं डोक्याचा केवळ आकार उरला आहे? मात्र येथें घाई केल्यास अन्याय होतो. ठसाच झिजलेला असेल किंवा दाब कमी पडला असेल, तर केस मुळांतच उमटलेले नसतात. तें नाणें एक दिवसही बाजारांत फिरलेलें नसेल आणि तरी झिजलेलें भासेल. म्हणून केसांबरोबर मोकळ्या जागेची चकाकीही पाहावी लागते. दाब बसतांना तांबें बाहेर वाहतें व त्याच्या अतिसूक्ष्म रेषा राहतात. प्रकाशांत नाणें फिरविलें असतां त्यांवरून तेज चक्रासारखें फिरतें. घर्षणानें त्या रेषा गेल्या कीं तें तेज कोणत्याही उपायानें परत येत नाहीं.

ही सारी पारख आंकड्यांत मांडण्याचें काम विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञानें केलें. १९४९ सालीं त्यानें आरंभींच्या अमेरिकन सेंटांवर ग्रंथ लिहिला. १७९३ ते १८१४ या काळांतील प्रकारांस १ ते २९५ असे क्रमांक दिले, आणि प्रतीसाठीं १ ते ७० अशी मोजपट्टी केली. केवळ प्रकार ओळखूं येईल इतकें झिजलेलें नाणें १. टांकसाळींतून आलें तसें निर्दोष ७०. मी शाळामास्तर असल्यामुळें मला या पट्टीची एक गंमत वाटते. तींत ७० पैकीं ४ गुण मिळालेल्या नाण्यास 'गुड' असा शेरा आहे! १२ गुणांस 'फाइन' आणि २० गुणांस 'व्हेरी फाइन'. असे शेरे आमच्या प्रगतिपुस्तकांत असते तर पालक किती सुखी झाले असते.

पण हे ७० आले कोठून? शेल्डनचें म्हणणें असें कीं, सर्वांत हीन प्रतीचा सेंट एक डॉलरला मिळत असेल तर ४ प्रतीचा चार डॉलरला, ६० प्रतीचा साठ डॉलरला मिळावा. म्हणजे ही पट्टी मुळांत सौंदर्याची नसून बाजारभावाची होती. थोड्याच वर्षांत उत्तम नाण्यांचे भाव त्या प्रमाणाबाहेर चढले व तो नियम मोडला. पट्टी मात्र राहिली, आणि आज अमेरिकेंत सोन्याचांदीच्या नाण्यांसही तीच लावितात. आतां तेथें पारख करून नाणें प्लॅस्टिकच्या डबींत सीलबंद करून देणाऱ्या कंपन्या आहेत. डबीवर ६३ कीं ६४ यावरून किंमतींत मोठा फरक पडतो. उत्तरपत्रिकेवर ६३ द्यावे कीं ६४ हें सकाळीं व संध्याकाळीं वेगळें ठरूं शकतें, हें कोणताही प्रामाणिक परीक्षक जाणतो. नाण्यांच्या परीक्षकाचा डोळा निराळा नसतो.

तांब्याचे जुने संग्राहक म्हणूनच डबीवरील आंकड्यावर विसंबत नाहींत. १९६७ सालीं स्थापन झालेल्या त्यांच्या 'अर्ली अमेरिकन कॉपर्स' या मंडळाची रीति अधिक कडक आहे, आणि मला ती अधिक न्याय्य वाटते. ते प्रथम उठाव किती शिल्लक आहे एवढेंच पाहून गुण देतात. मग गंज, खड्डे, कडेस बसलेला मार, घासल्याच्या रेषा यांसाठीं गुण वजा करतात. उरेल ती निव्वळ प्रत. उठावास २० गुण मिळालेला सेंट खरखरीत पृष्ठामुळें १० वर उतरतो. दोन्ही आंकडे लिहून ठेविल्यामुळें दोष लपत नाहीं आणि गुणही बुडत नाहीं.

आतां शेल्डनविषयीं जें सांगावयाचें तें सांगतों. न्यू यॉर्क येथें १८५८ सालीं स्थापन झालेली अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटी ही नाणकशास्त्राची नामांकित संस्था आहे. जॉर्ज क्लॅप या पिट्सबर्गच्या संग्राहकानें आपला सेंटांचा अप्रतिम संग्रह तिला दान केला होता. शेल्डन हा विद्वान् अभ्यासक. संस्थेनें त्याच्यापुढें खण उघडे केले. त्यानें काय करावें? खणांतील उत्तम सेंट उचलून त्या जागीं त्याच प्रकारचा आपला हलक्या प्रतीचा सेंट ठेविला. संख्या बरोबर, वर्ष बरोबर, प्रकारही बरोबर. केवळ प्रत बदललेली. असे शंभराहून अधिक सेंट बदलले गेले. १९७२ सालीं त्यानें आपला संग्रह विकला व १९७७ सालीं तो वारला. संस्थेस या अदलाबदलीचा पुरता उलगडा त्यानंतर कित्येक वर्षांनीं झाला.

ज्या प्रतीच्या फरकावर शेल्डननें लबाडी केली, तोच फरक जगास मोजावयास त्यानें शिकविला होता. आणि लबाडी उघडकीस आली तीही नाण्यांच्या अंगावरच्या खुणांवरून. एकाच ठशाचे दोन सेंट सारखे असले तरी त्यांवरील ओरखडे, डाग, कडेचे खळगे सारखे नसतात. क्लॅपच्या संग्रहाचीं जुनीं छायाचित्रें होतीं; तीं शेजारीं ठेवून पाहतां गालावरचा अमुक ओरखडा, माळेजवळचा तमुक डाग जुळत गेला. ज्या संग्राहकानें शेल्डनचीं नाणीं पैसे मोजून घेतलीं होतीं त्याच्याशीं संस्थेचा दावा चालला, आणि १९९६ सालीं कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयानें संस्थेच्या बाजूनें निकाल दिला. विकत घेणाराचें दुःख येथें कमी नाहीं. पण चोराकडून घेतलेल्या वस्तूवर मालकी येत नाहीं हें तत्त्व न्यायालयास सोडतां येईना. शेल्डनचे क्रमांक मात्र सर्वांच्या वापरांत तसेच आहेत. दुसरी सोय नाहीं.

हीच ओरखड्यांची विद्या आज दुसऱ्या एका कामीं येत आहे. अलीकडे एखाद्या खऱ्या सेंटावरून नवे ठसे करून त्यांवर बनावट सेंट छापतात. ते इतके साधतात कीं वजन, रंग, अक्षरें यांत खोट सांपडत नाहीं. पण मूळ सेंटावर जो खळगा होता तोही ठशांत उतरतो, आणि मग प्रत्येक बनावट सेंटावर तोच खळगा त्याच जागीं दिसतो. दोन निरनिराळ्या विक्रेत्यांकडील सेंटांचे फोटो शेजारीं ठेवावे. दोहोंवर गालाच्या त्याच ठिकाणीं तीच जखम असेल, तर त्यांपैकीं निदान एक खोटा आहेच, आणि बहुधा दोन्ही. जुन्या पद्धतीचें बनावट नाणें, म्हणजे दोन पातळ टरफलें जोडून केलेलें, ओळखण्यास याहून सोपें. त्यास जोड असते, आणि ती चेहऱ्यावर नसून कडेवर असते. १७९३ ते १७९५ या सालांच्या पुष्कळ जाड सेंटांच्या कडेवर 'एका डॉलरास शंभर' या अर्थाचे शब्दही कोरलेले असत. म्हणून आपला कोणी आप्त अमेरिकेहून येतांना असा सेंट घेऊन आला, तर दोन्ही बाजूंस बोटें न लावतां तो कडेनें धरावा, आणि भिंग प्रथम कडेवरूनच फिरवावें.